सुभेदाराच्या गळाची पिसं

आमच्या कोरेगावच्या सुभेदाराला काश्मीरला असताना ट्राउट मासं धरायचा नाद लागला गड्या. रिटायर झाल्यावर घरच्या कोंबड्याची पिसं गळाला बांधायचा आणि माशाला ती माशी वाटावी म्हणून कृष्णेत फेकायचा. सगळा उन्हाळा कोरडा गेला, शेवटी एक मोठा मासा लागला. लगेच नदीवरनंच आमाला जेवायचं आवतण.

गेलो तर वहिनी मसाला वाटून बसलेल्या, आणि हा आला मोकळ्या हातानं.

"मासा कुठाय?"

"फोटो काढून सोडला. तिकडं तशीच रीत हाय."

वहिनी उठून परसात गेल्या. तासाभरानं रस्सा आला, लय झकास. दुसरी वाटी पिताना सुभेदार थबकला. "ह्यो आपला कोंबडा व्हय? मग आता पिसं कुठनं आणू?"

वहिनींनी त्याच्या मिशीकडं नीट बघितलं.

"आवं, ही हाय की अजून."