रसायन घेऊन बी.एस्सी.

आष्ट्यात कुतुबुद्दीनभाईंच्या बेकरीपुढे पावाच्या रांगेत माझ्यापुढे शाळेचे विज्ञानमास्तर उभे होते.

“कुतुबुद्दीनभाई, उद्या या गावात विज्ञानयुग अवतरणार!”

“अवतरू द्या. पाव किती देऊ?”

“पाव नको, चमचाभर यीस्ट द्या. उद्या इन्स्पेक्टरसाहेब येतायत. यीस्ट श्वास घेतं हे दाखवलं, तरच माझी नोकरी कायम होईल.”

“गेल्या साली बी न्हेलं हुतं की.”

“एक बुडबुडा आला नाही! गुळाचं पाणी, यीस्ट, सगळं पुस्तकाबरहुकूम घातलं होतं.”

“आवं मास्तर, पाणी गार हुतं का?” माझ्यामागून मनुबाई बोलल्या.

“विहिरीचं, ताजं होतं.”

“मग कसं उठंल? कोमट घ्यायचं, वर पोतं गुंडाळायचं. तिसऱ्या दिशी कसं बुडबुडतंय बघा.”

“बाई, मी रसायन घेऊन बी.एस्सी. झालोय.”

“व्हय, पर मी दर हप्त्याला दारूच्या भट्टीसाठी रसायन घालते. फौजदारानं दोनदा धरलं मला, पर रसायन कवा फसलं न्हाई.”

“तिसऱ्या दिवशी म्हणता? साहेब तर उद्याच येतायत!”

“मग बसा बोंबलत.”

मास्तरांनी आवाज अगदी खाली आणला.

“मनुबाई, तुमचं उठलेलं रसायन तांब्याभर मिळेल का?”