चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

किर्रर्र… टुंग टुंग… खर्रर्रर्र! आठवतो का हो तो आवाज? पूर्वी इंटरनेट लागताना यायचा, डब्यात कोंबडी अडकल्यासारखा! तीस वर्षं टेलिफोन कंपनीच्या तारा ओढल्या मी, शाळा सातवीपर्यंत, पण ती कोंबडी ओरडली की कळायचं, लागलं! आता आवाजच नाही, त्यामुळे बंद पडलंय की आपल्यावर रुसलंय, समजायचं कसं?

तर तुम्हाला सांगतो, माझी नात दहा महिन्यांची आहे, दूर असते, खुर्चीला धरून उभी राहते, आता कधीही पाऊल टाकेल… आणि लेक कामावरून येऊन फोन लावते तेव्हा ही पोर गाढ झोपलेली! मग मी रोज काय बघतो? पांघरूण! म्हणून लेकीनं घरात कॅमेरा बसवला, म्हणाली, "बाबा, आता दिवसभर बघत बसा." बसलो. नुसता काळा पडदा!

गेलो कंपनीत. तिथला इंजिनिअर माझ्याच हाताखाली शिडी धरायला शिकलेला, आता केस पिकलेत त्याचे. म्हणाला, "काका, प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, पत्त्यासारखा. जुने नंबर संपले. तुमच्या लेकीकडे कॅमेऱ्याला नवा लांबलचक नंबर आहे, आपल्याकडे अजून जुनेच. जुन्यातून नव्याकडे जाता येत नाही."

"मग आपण काय वापरतो?"

"तुमच्या अख्ख्या गल्लीला मिळून एक नंबर."

म्हणजे बघा, चाळीस घरं आणि एकच टॉवेल! आणि नवे नंबर किती, तर माझ्या सदऱ्याच्या बटणांना, बटणांच्या भोकांना, भोकांतल्या दोऱ्यांना एकेक वाटला तरी संपणार नाहीत! मग द्या ना! पण मोठे साहेब काय म्हणतात? पोट पुढं, चष्मा कपाळावर, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

अहो, वीस वर्षं हेच! मी नोकरीत होतो तेव्हा दरवर्षी बैठक व्हायची, भिंतीवर चित्रं दाखवायचे, बिस्किटं संपायची, मग शेवटी साहेब उठून, "पुढच्या वर्षी नक्की. सध्या चालतंय ना?" साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, बिस्किटंसुद्धा बदलली… वाक्य तेच! यंत्र नव्या नंबराचं, सहा वर्षांपूर्वी आणलंय, आत सगळं तयार, फक्त चालू करायचं राहिलंय! याला काय म्हणावं, सांगा!

मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी त्या इंजिनिअरसमोर चढला. "अरे, ती पोर चालायला लागेल, पळायला लागेल, लग्न करून जाईल, तरी तुमचं चालतंय ना, चालतंय ना?"

आणि काय सांगू, परवा तो इंजिनिअर धापा टाकत घरी आला, हातात अर्ज! "काका, साहेबांना पटवलं! पहिली गल्ली तुमची! फक्त गल्लीतल्या एकानं सही करायची, की चालू करताना सगळ्यांचं तासभर बंद पडलं तर माझी हरकत नाही. हे घ्या पेन."

घेतलं की! टोपण काढलं, चष्मा लावला… आणि विचार आला, समोरच्या वहिनींची मालिका असते. वरच्या शिंपीदादांचं गिऱ्हाईक फोनवर मापं पाठवतं. तासाचे दोन दिवस झाले तर? चाळीस घरं माझ्या दारात! "काका, सही तुमची ना?"… माझीच! म्हटलं, वहिनींना विचारावं का आधी? गल्लीची एक बैठक घ्यावी का?

तो म्हणाला, "काका, नात."

मी म्हटलं, "हो रे, माहीत आहे… पण आत्ता सगळ्यांचं चालतंय ना?"

त्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं, अर्जाची घडी केली, आणि जिना उतरून गेला.