करवल्याची पिशवी

...नाही पण मी म्हणतो, कुणी हातात भेट दिली की देणाऱ्याच्या नाकासमोर कागद टराटरा फाडायचा, आत डोकावायचं आणि "ओ माय गॉड, आय लव्ह इट!" म्हणून किंचाळायचं, ही कुठली रीत? आपल्याकडे कसं? भेट घ्यायची, "अहो कशाला, कशाला" म्हणायचं आणि तिच्याकडे लक्षच नसल्यासारखं करून बाजूला ठेवून द्यायची. पाहुणा जाईपर्यंत गाठीला हात लावायचा नाही! लावला तर लोक म्हणतील, हपापलेलाच होता मेला! आता तुम्ही माना डोलावताय, मीही जन्मभर डोलावली, पण तुम्हाला सांगतो, आमच्या मोरेश्वरने त्या दिवशी बॉक्स उघडायला हवा होता. अहो, उघडायचा ना! पण नाही उघडला.

मोरेश्वर म्हणजे अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलचा आमचा शेजारी. मूळचा नागपूरचा. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त इतका की दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणता येत नाही. घरात गालिचा एक आणि तो झाडायला व्हॅक्यूम क्लीनर तीन! आणि याचा बॉस कोण, तर गॉर्डन. साडेसहा फूट उंच, लाल दाढी, खापरपणजोबा कधीतरी स्कॉटलंडहून आले होते, पण हा बोलतो असा की जणू आत्ताच बोटीतून उतरलाय, अजून अंग वाळायचंय! त्या गॉर्डनच्या टेबलावर मोरेश्वरच्या ग्रीन कार्डाचे कागद पडलेले. सही बाकी. किती दिवस बाकी? ते विचारू नका, तो विषय निघाला की मोरेश्वर अजूनही प्यायला पाणी मागतो.

तर हा गॉर्डन निघाला लग्न करायला. आणि एक दिवस मोरेश्वरच्या क्युबिकलवर दाढी टेकवून म्हणतो, "मो, विल यू बी माय ग्रूम्समन?" ग्रूम्समन म्हणजे काय, तर करवला! आपल्याकडे करवली कशी मिरवते, हातात कऱ्हा, डोक्यात गजरा? तसाच, पण चाळिशीतला आणि टक्कल पडलेला. ज्याच्या टेबलावर आपलं ग्रीन कार्ड, त्याला नाही कोण म्हणणार? झाला करवला.

मग गॉर्डनने पाचही करवल्यांना जेवायला नेलं आणि प्रत्येकाच्या हातात हिरव्या कागदातला एकेक बॉक्स दिला. बाकीच्या चौघांनी आपापल्या गाडीत जाऊन उघडला, जाऊ द्या... गॉर्डन मोरेश्वरला म्हणतो, "ओपन इट!" आणि आमचा हा संस्कारी बाळ म्हणतो, "नो नो, ॲट होम, विथ फॅमिली." गॉर्डनला वाटलं, काय कुटुंबवत्सल माणूस आहे! अहो, उघडायचा ना! पण नाही उघडला.

घरी येऊन तरी उघडावा? घरी यामिनी. यामिनीचं एक कपाट आहे. तुमच्याही घरी आहे, हसू नका. आलेला आहेर त्यात जातो आणि पुढचं आमंत्रण आलं की निघतो. तिचा कायदा एकच: बॉक्स उघडला की तो आपल्या गळ्यात पडला. न उघडलेला बॉक्स गंगेसारखा, वाहता पाहिजे! मोरेश्वर बॉक्स टेबलावर ठेवून क्लायंटकडे डॅलसला गेला, आणि परत येईपर्यंत त्याला त्या बॉक्सची आठवणही उरली नाही.

आठवण कुणी करून दिली? गॉर्डनने, कॉफी मशीनपाशी, लग्नाच्या आठवड्यात.

"मो! डिड यू लाइक इट?"

आता 'उघडलाच नाही' असं सांगायला तोंड नको का? मोरेश्वर म्हणाला, "व्हेरी मच! आम्ही रोज वापरतो."

"रोज?"

इथे थांबायचं ना! पण बॉक्स हाताला जड लागला होता, आत काहीतरी धातूचं खुळखुळलं होतं, म्हणजे कॉफीचा मग असणार किंवा वाडगा, असा याने हिशेब केला आणि ठोकून दिलं, "आमची आश्लेषा तर त्यातूनच दूध पिते."

गॉर्डनच्या तोंडातली कॉफी तोंडातच राहिली. "मिल्क?"

"वॉर्म मिल्क. हळद घालून."

आवाज अगदी खाली आणून गॉर्डन म्हणाला, "मो... इज दिस अ कल्चरल थिंग?"

"येस! व्हेरी कल्चरल. फाइव्ह थाउजंड इयर्स!"

तुम्हाला सांगतो, साडेसहा फुटी माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं! मोरेश्वरच्या खांद्यावर पंजा ठेवून म्हणतो, "माझा काका स्कॉटलंडहून खास येतोय. त्याने स्वतःच्या हाताने शिवलंय, चांदीवर प्रत्येकाचं नाव कोरलंय. शनिवारी तुम्ही पाचही जण कमरेला बांधून उभे राहाल ना, तो बघून रडेल." आणि गेला. मोरेश्वर तिथेच. कमरेला? वाडगा? मुलगी दूध पिते तो वाडगा कमरेला कुठे बांधायचा?

मग दुसऱ्या करवल्याने सांगितलं. त्यांचा तो चौकडीचा घागरा असतो, किल्ट, त्याला खिसे नसतात, म्हणून पुढे, अगदी मधोमध, एक चामड्याची केसाळ पिशवी लटकवायची. तिला म्हणायचं स्पोरन.

मोरेश्वर धावत घरी. "यामिनी, तो हिरव्या कागदातला बॉक्स कुठाय?"

"तो? तो गेला की. प्रतिमाच्या वास्तुशांतीला."

"अगं, त्याच्यावर माझं नाव कोरलंय!"

"मग तसं सांगायचंस ना! कपाटात आला तो कपाटाचा."

ग्रीन कार्ड वास्तुशांतीला गेलं हो! मोरेश्वर तसाच धावत आला माझ्याकडे. गाडी माझी, ड्राइव्ह मी करतोय आणि हा शेजारी बसून पुटपुटतोय, "दिलेला आहेर परत मागायचा... काय तोंडाने मागायचा..." पोचलो. प्रतिमाचा नवरा एकनाथ ऑफिसात, प्रतिमा घरी. चहा आला, चिवडा आला. मोरेश्वर शेवटी म्हणतो, "वहिनी, तो आमचा बॉक्स... आवडला का?"

प्रतिमाचा चेहरा पांढराफटक! पण बाई खंबीर. "इश्श, म्हणजे काय! खूपच आवडला! आम्ही रोज वापरतो!"

मोरेश्वरने माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याने कुठेतरी ऐकलं होतं. "बघू का जरा?" "धुवायला टाकलाय भाऊजी." "मी पुसून घेतो." "ओला आहे अजून..." दोघेही अडकले! याला मागता येईना, तिला नाही म्हणता येईना, आणि मी आपला चिवडा खातोय. शेवटी मोरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती बोलली: रवींद्रला ग्रीन कार्ड मिळालं, त्या पार्टीत रवींद्रला दिला. बघा दैव! ज्याला कार्ड मिळालं त्यालाच बॉक्सही मिळाला!

रवींद्रचं दार वाजवलं. रवींद्र मोरेश्वरच्याच ऑफिसातला, ब्रह्मचारी. "यार, काय बॉक्स होता! मी रोज वापर..." "पुरे!" मोरेश्वर ओरडला. त्या भिडस्त माणसाच्या आयुष्यातली पहिली आरोळी! "कुणाला दिलास?"

"गॉर्डनला. लग्नाचं गिफ्ट. कालच त्याच्या घरी पोचवला, वरचा कागद तेवढा बदलला यार, गुलाबांचा घातला."

अहो, तिघांपैकी एकाने तरी उघडायचा ना! पण नाही उघडला.

शनिवार. करवले नटणार गॉर्डनच्याच घरी. चौघांच्या कमरेला पिशव्या चमकताहेत आणि आमचा मोरेश्वर भाड्याचा घागरा नेसून, पुढे दोन्ही हात धरून उभा, जशी नवी नवरी! सगळे फोटोला अंगणात गेले तसे तो आणि त्याला गाडीतून घेऊन आलेला मी, असे आम्ही दोघे भेटींच्या खोलीत शिरलो. मी दाराशी पहाऱ्याला. आत मोरेश्वर घागरा आवरत गुडघ्यांवर रांगतोय, गुलाबांचा कागद शोधतोय. सापडला! उघडला! आणि ओरडला, कारण त्याला वाटलं आत मांजर मेलंय. नाही हो, पिशवीच. पण काय पिशवी! करड्या केसांची, तीन गोंडे, वर चांदीची पट्टी, पट्टीवर वेलबुट्टी आणि मधोमध झोकदार 'मोरेश्वर'. मोरेश्वर बघतच राहिला. म्हणाला, "अरे, ही तर खरंच सुंदर आहे रे..." मी म्हटलं, बांध आधी, मग रड! रिकामा बॉक्स हलका लागू नये म्हणून मी त्यात गॉर्डनच्याच बाथरूममधले दोन साबण घातले आणि गुंडाळून ठेवला. रवींद्रचं पुढे काय झालं ते विचारू नका.

लग्न लागलं. पिशवी कमरेला, काका रडला, आम्ही सुटलो... असं आम्हाला वाटलं. जेवणाच्या आधी गॉर्डन उठला, ग्लासवर चमचा वाजवला आणि म्हणतो, "मित्रहो, माझ्या काकाच्या कलेचा एवढा मान आजवर कुणी केला नाही. मोच्या घरी या स्पोरनमधून लेकरू दूध पितं! पाच हजार वर्षांची परंपरा! मो... विल यू शो अस?"

आणि स्वयंपाकघरातून गरम दूध आलं. हळद घातलेलं! गॉर्डनने खास सांगून ठेवलं होतं.

सगळा हॉल उभा. मोरेश्वरने यामिनीकडे पाहिलं, तिने छताकडे. आश्लेषा म्हणाली, "बाबा, दॅट्स ग्रोस!" त्याने पिशवी सोडली, दूध ओतलं, डोळे मिटले... आणि प्यायला हो! चामडं, केस, हळद, सगळं! निम्मं दूध गोंड्यांवरून घागऱ्यात. टाळ्या! मग बाकीचे चारही करवले प्यायले. मग नवरदेव प्यायला. नवरी काही प्यायली नाही, तेवढीच शहाणी.

सोमवारी सही झाली. खोटं कशाला सांगू, त्याच दिवशी झाली.

पण मागल्या आठवड्यात स्कॉटलंडहून खोकं आलं. काकाने गहिवरून पाठवलंय. आत दोन पिशव्या, मोठी यामिनीला, छोटी आश्लेषाला, दुधासाठी आतून मेणाचा हात दिलेला. आणि चिठ्ठी, की दरवर्षी पाठवीन. यामिनीने या खेपेला खोकं दारातच फोडलं. मग कपाट उघडलं, पिशव्या बघितल्या, पुन्हा कपाट बघितलं आणि मटकन खाली बसली.

चांदीवर नावं कोरलेली हो! आता देणार कुणाला?