उभ्या गाडीचे टायर

—हो, तडेच आहेत ते. गाडी घ्यायला आलायस तर नीट वाकून बघ, कुशल, आतल्या बाजूनेही असतील. नक्षी नव्यासारखी दिसते, पण हे गेल्यापासून गाडी गराजमधून हललेली नाही — मला कुठे चालवता येते? — आणि रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. हे वाक्य माझं नाही, ह्यांचं. जन्मभर टायरच्या फॅक्टरीत केमिस्ट होते ना. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी महायुद्ध. जपान्यांनी मलाया घेतलं, झाडाचं रबर यायचं बंद झालं, टायरला परमिट, बायकांनी शेकायच्या रबरी पिशव्यासुद्धा भंगारात दिल्या — आणि मग केमिस्ट लोकांनी तेलापासून, अल्कोहोलपासून रबर करून दाखवलं. मी म्हणायचे, अहो, भजी गार होतायत. दसऱ्याला गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, पण चिरडणार कोण? दुसऱ्या दिवशी उचलून कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकली.

तर काय सांगत होते — रिस्की आहे रे, तुझ्या घरी पॉइंट कुकपर्यंत फ्रीवेने न्यायची म्हणजे. आधी एक मुलगी येऊन गेली, तिलाही हेच सांगितलं. त्या पंजाबी जोडप्यालाही. यतिन चिडतो. सिडनीहून फोनवर म्हणतो, आई, तू गाडी विकतेयस की टायरवर लेक्चर देतेयस? त्याचं तरी काय चुकलं? तिकडे सिडनीत, स्कोफिल्ड्सला त्याच्या घरी माझी खोली तयार आहे, गाडी गेली की हे घरही मार्केटला टाकणार. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. स्पृहाशी मी मराठीत बोलते, ती 'ऑल गुड, आजी' म्हणून खोलीत जाते. इथलं सगळं तिथे मिळेल म्हणतात. मिळेलही — युद्धात नाही का भागलं? पण विमानाच्या टायरला अजून झाडाचंच रबर लागतं, तेही ह्यांनीच सांगितलेलं. थकले रे मी, सगळ्यांना हो हो म्हणून. मला जायचंच नाहीये.

—काय? नवे टायर तू आणणार? शनिवारी इथेच येऊन बसवणार? अरे, पण... नाही, किमतीचं काही नाही. शनिवारी मी घरी नाहीये. रविवारीही नाहीये. तू नीघ आता, ट्रॅफिक लागेल. आणि जाताना ते शटर खाली ओढ.