अस्वलाचं शेवटचं रीळ

सांगा मंडळी, माणसाचं जनावर कशानं होतं? शापानं? मंत्रानं? बोला की! — मृदंगवाले, तुम्ही गप्प बसा, तुमचं उत्तर वहिनींनी आम्हाला आधीच सांगितलंय!

तर ऐका! पिंपळशेंद नावाचं गाव. तिथला जोत्याजी — अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. गेला सिनेमा कंपनीत. चित्रपट असा, की गावानं वाळीत टाकलेल्या माणसाचं हळूहळू अस्वल होतं. माणूस कोण? देखणा हिरो! आणि अस्वल? भर उन्हात कातडं पांघरून आमचा जोत्याजी! अहो, सबंध चित्रपटात त्याचं तोंड दिसत नाही.

गावी परतून आपलं काम सांगितलं, तर पोरं 'अस्वल आलं' म्हणून पळायला लागली! हे नाव पाडलं कुणी? हौसाक्कानं — जिभेनं फटकळ म्हातारी. पारावर हा बसला की बाकीचे हसत उठायचे. ठरलेलं लग्न मोडलं! जत्रेच्या जेवणाला हा पंगतीबाहेर, भिंतीकडं तोंड करून. तुम्ही हसताय? ते गावसुद्धा आधी हसतच होतं, मंडळी!

मग जोत्याजीनं बोलणं सोडलं. दाढी वाढली, केस वाढले. काही विचारलं तर नुसता हुंकार. कंपनीनं चढवलेलं कातडं संध्याकाळी उतरायचं तरी! गावानं चढवलेलं उतरेना.

पुढच्या जत्रेला बाबालालशेठचा फिरत्या सिनेमाचा तंबू आला — तोच चित्रपट घेऊन! झाडून सगळं गाव आत. जोत्याजी बाहेर, बोचकं बांधून. खेळ सुटायच्या आत निघायचं, परत म्हणून यायचं नाही!

आत पडद्यावर अस्वल वेशीपाशी येतं, गावातले दिवे बघतं... आणि फटकन पडदा पांढरा! शेवटचं रीळ आलंच नव्हतं! केवढा गोंधळ! "पुढं काय झालं?"

शेठ वैतागले. दारात पोरं जोत्याजीला 'अस्वल, अस्वल' चिडवत होती, ते त्यांनी ऐकलेलं. "मी सांगून तुमचं समाधान व्हायचं नाही. अस्वल बाहेर बसलंय, त्यालाच विचारा!"

कोण हाक मारणार? हौसाक्का उठली. "जोत्याजी! आरं जोत्याजी, आत ये!"

किती दिवसांनी कुणी नाव घेतलं! तो दारात आला. घसा बसलेला. म्हणाला, "शेवटी... अस्वल पंगतीपाशी येतं. समदी उठून पळत्यात. येक म्हातारी तेवढी उठत न्हाई. जरा सरकती. म्हनती, बस."

"मग रं?"

"मग काय, बसलं. आन् मानूस झालं."

हौसाक्का खाली बसली. डोळ्यांना पदर लावला, सरकली, शेजारच्या सतरंजीवर हात आपटला — "बस!"

आणि जोत्याजी बसला, मंडळी! बोचकं बाहेरच राहिलं.

खेळ सुटल्यावर शेठनी त्याला बाजूला घेतलं. "लेका, खोटं सांगितलंस! शेवटी अस्वलाला गोळी घालतात."

"घालत्यात की. म्याच पडलोय गोळी खाऊन," जोत्याजी म्हणाला. "पर शेठ, दर बारीला त्योच शेवट कशाला?"

मिळालं उत्तर? शापबिप काही नसतं हो! आपण शेजारून उठून जातो, तिथं माणसाचं जनावर व्हायला लागतं.

आता टाळ थांबवा. डोळे मिटू नका, उघडे ठेवा! त्या खांबाआड एक ताई बसल्यात. मगापासून बघतोय — मंडप भरलाय, आणि त्यांच्या भोवती मात्र सतरंजी मोकळी! का, ते मला सांगू नका. तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं भजन मी त्याशिवाय धरणार नाही.

सरका!