खारपाणातला समुद्र

विश्वास कोनावर ठेवायचा, रविकांत सर, तुमीच सांगा — विहिरीवर का माह्यावर? ठेवा बादली खाली. चहा घेता? नका घेऊ. दर्यापूरहून एसटीत मेलेले मासे घेऊन आले, इथं अमरावतीत चार गिऱ्हाइकं उभे, अन् म्हनता, ‘धर्मपाल, तू शाळेच्या टाकीसाठी आजारी माल देला’. आजारी? हा जोकर मासा पाहा — दुसऱ्या माशाचा जिथं डंखानं जीव जाते, त्या समुद्रफुलाच्या झुपक्यात हा घर करते. ही कोळंबी मोठ्या माशाच्या उघड्या जबड्यात शिरून त्याचे दात साफ करते, अन् तो तिले गिळत नाही. तारामासा पोटच बाहेर काढते अन् शिंपल्यातलं खाते. ज्याची त्याची तऱ्हा न्यारी, सर. पुस्तकातलं नाही हे, सहा वर्षं टाकीसमोर बसून पाह्यलेलं.

मारलं पान्यानं. खारपाणपट्ट्यातले तुमी, गावची विहीर खारट — वाटलं, खारं ते खारं! अहो, ज्या पान्यात तूरडाळ शिजत नाही, त्यात समुद्र जगन? त्याचं मीठ वेगळं येते, त्यात वीस चिजा असतात. मी बी पहिल्या साली सासऱ्याच्या विहिरीचं पानी आनलं होतं — तीन दिवसांत सतरा मेले. बायको, साधना, आठ दिवस बोलली नाही माह्याशी.

काय? तुमाले काहून नाही सांगतलं? तुमी विचारलं कुठी — बरं, विचारलं. ‘आमची विहीर खारीच आहे, चालन ना?’ अन् मी मान हलवली. हो, हलवली! त्याच्या दोन मिनिटं आधी, तुमच्यासंगं दुकानात आलेल्या शाळेच्या पोरींसमोर, मी म्हनलं होतं का समुद्री घोड्यात नरच पिल्लं पोटात वागवते — अन् तुमी हासले. ‘धर्मपाल, दहावी तरी झाला का रे तू?’ पोरीही हासल्या. आठवी झालो मी, सर. अन् नरच वागवते. ह्या टाकीत वागवले, शंभरावर पिल्लं. मंग वाटलं, एवढा शिकलेला मानूस, पाहून घेईन आपलं —

हे मले बोलायचं नव्हतं.

तुमी काय पाहून राहिले हो सारे? दुकान चालू आहे, मासे पाहा.

सर, उचला बादली. दुसरे मासे देत नाही मी, दुप्पट देसान तरी नाही. पोरी विचारतीनच. त्यायले हिशेब मात्र इमानानं सांगा — नऊ जीव गेले. तुमच्या हासन्यानं किती, अन् माह्या मान हलवन्यानं किती. चला, वाट सोडा.