हिमानीची चौकशी

— नाही नाही, बसा ना. पीस राहू द्या तिथंच. पाच काढले मी, तुम्ही एकालेही हात लावला नाही. अन् विचारता काय, तर माही हिमानी दुकानात कधी नसते! गांधीबागेत बावीस वर्षं झाले, ताई, मॅचिंगचं दुकान चालवून राहिली मी — गिऱ्हाईक कोणतं अन् चौकशीवालं कोणतं, चप्पल काढायच्या आधी समजते मले. कळमेश्वरहून आल्या ना? दुर्गेशच्या घरून? मग सांगून टाका सरळ, ताकाले जाऊन भांडं कायले लपवता! सोयरीक म्हटली की चौकशी होतेच. मी नाही का केली? दुर्गेशच्या कारखान्याच्या गेटवर चायवाल्याले विचारून आली मी — पिते का, खर्रा खाते का, सारं.

तर विचारा. पोरगी कशी? सोन्यासारखी. साडीचा पदर नुसता दिसला की शेड काढते. हे मागं पाहा, सारे रंग तिनं लावलेले, मोरपंखीचेच अकरा. शिक्षण? बी.ए. झालं, बाहेरून. दहावीले अठ्ठावन्न टक्के. पेपर तिनंच दिले — म्हणजे सांगतले तिनं, लिहिले दुसऱ्या पोरीनं. हात मोडला होता ना तिचा. कोणता? डावा… उजवा, उजवाच. काहून विचारता? कोणी काही बोललं का? आमच्या नणंदबाई, पुष्पलताबाई? त्यायचं तोंड म्हणजे फुटका माठ आहे, आधीच सांगून ठेवते.

कळमेश्वरच्या नाही? मग कुठल्या? शनिवारचा ग्रुप — कोणता ग्रुप? ज्या पोरायले वाचाले जड जाते, डिस्लेक्सि— हळू बोला हो! बाजूच्या दुकानात गिरिधरभाऊ कान लावून बसला राहते. अन् फुकट शिकवता म्हणे? पोरायलेही, मास्तरायलेही? मग तुम्हाले काय भेटते त्याच्यातून? काहीच नाही! गांधीबागेत फुकट कोणी धाग्याचं रीळ देत नाही, बाई. औषधं विकता का? का पोरायचे फोटो काढून छापता?

हिमानी येते? आमची? चूक झाली तुमची, शनिवारी ती मेहंदीच्या क्लासले जाते. दीड वर्ष झालं. …हां, हातावर मेहंदी कधी दिसली नाही, हे खरं. मले वाटलं, दुसऱ्यायच्या हातावर काढत असन.

अन् करते काय तिथं? मास्तरायले शिकवते? हिमानी? अरे वा रे वा! जिले मास्तरायनं वर्गाबाहेर उभं करून करून अर्धं बालपण घालवलं, ती आता त्यायले सांगते अशा लेकरासंगं कसं वागायचं? काय सांगते? …फडक्याचं सांगते. कोणत्या फडक्याचं? तुम्हाले माहीत आहे, अन् मले विचारून राहिल्या तुम्ही, कोणता हात!

हो, बांधलं होतं मी. आता पूर्ण ऐका. हात नव्हता मोडला. तिले वाचाले-लिहाले जड जाते, असं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट होतं, त्याच्यावर लिहिणारी पोरगी भेटली होती. पण लोकायले काय सांगू? धडधाकट पोरगी, अन् पेपर दुसरी लिहून राहिली? ढ म्हणून शिक्का बसला असता जन्माचा. तर महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला मी तिचा. ऐन मार्चात. पुष्पलताबाई आल्या की अजून घट्ट. डाव्या हातानं जेवायची. एक दिवस म्हणे, आई, घरात कोणी नाही, सोडू का थोडा वेळ? म्हटलं, नको, विसरशील अन् तशीच दारात जाशील. राग नव्हता हो तो, भेव होतं. लय भेव होतं मले.

अन् हे सारं ती येत्या रविवारी माईकवर बोलन? शंभर मास्तरायसमोर? त्याच दिवशी संध्याकाळी कळमेश्वरचे लोक येऊन राहिले सुपारी फोडायले! मोडन ना माह्या पोरीचं लग्न. तुम्ही टाळ्या वाजवान अन् घरी जान, घरात ती बसन अन् मी बसन. नाही जाऊ देत मी. कोंडून ठेवन, पण नाही—

काय म्हणता? दुर्गेश येणार? तिथं? त्याले कोणी सांगतलं? …तिनंच. पहिल्याच भेटीत. फडक्याचंही? अन् त्याच्या आईले? …त्यायलेही माहीत.

म्हणजे त्याले सांगतलं, त्याच्या आईले सांगतलं, आता शंभर मास्तरायले सांगन. अन् मले काय, तर मेहंदीचा क्लास. आईले. जिनं तिच्यासाठी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्या आईले.

अन् तुम्ही मले बोलवायले आल्या. ‘हिमानीच्या आईनं यावं.’ तिनं पाठवलं ना तुम्हाले? सांगा ना, तिनं म्हटलं ना, आईले बोलवा म्हणून? …मान काहून खाली घातली? तिले माहीतच नाही तुम्ही आल्या ते. म्हणूनच विचारून राहिल्या होत्या, ती दुकानात कधी नसते. म्हणजे तिले मी नको आहे तिथं.

उठा. नाही, पाणी नको मले. दुकान बंद करायचं आहे — माहीत आहे हो बारा वाजले, भर बाजाराची वेळ आहे. जा म्हटलं ना. शटर अर्धं ओढलं आहे, डोकं सांभाळा.